पहिला तंबू घेण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या सुमारास मुरबाडकडच्या एका गावी भातकापणी पाहायला गेलो होतो. खळ्यावर चहा झाला आणि घरच्या ताईंनी घडी घातलेला एक कागद माझ्या हाती दिला. त्यांची मुलगी महाविद्यालयात शिकते. वर्गातल्या सहा मुली आणि एक शिक्षिका अशा मिळून नाणेघाटावर एक रात्र तंबूत राहायला जाणार होत्या. बरोबर काय काय आणायचे, त्याची ती यादी होती. तंबू, झोपायची पिशवी, फुगवायची गादी, उशी, घडीची खुर्ची, गॅसची छोटी शेगडी, डोक्याला बांधायची बॅटरी, कंदील, होकायंत्र, चाकू... मोजल्या तर चौदा वस्तू भरल्या.

ताई म्हणाल्या, "साहेब, एका रात्रीला हे सगळं लागतंच का? हे घ्यायचं तर दोन बोकड विकावे लागतील."

मुलीचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या. पोरीनं रानात भुईवर निजायचं म्हणजे जनावराचं काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हल्ली शहापूर-मुरबाडच्या पुष्कळ घरांत ते निघतात. कुणाची मुले माहुलीला किंवा गोरखगडाला जातात, तर कुणी मुंबईच्या पाहुण्यांसाठी शेतावर दोन तंबू उभारण्याच्या विचारात असतो. दुकानदार सगळेच घ्या म्हणतो आणि शेजारी काहीच लागत नाही म्हणतो. तेव्हा कोणती वस्तू घ्यावी, कोणती घरची चालते आणि कोणती दुकानातच राहू द्यावी, याचा शेतकरी घराच्या दृष्टीने विचार करू.

तंबू आपल्याला नवा नाही

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलबाजारासाठी आलेले शेतकरी आणि व्यापारी ऐन थंडीत पाल ठोकून तिथे मुक्काम करतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या राहुट्या पडतात. धनगर मेंढरे घेऊन हिंडतो तेव्हा त्याचे घर घोड्याच्या पाठीवर असते. नाणेघाटातून तर सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे, जुन्नर आणि कोकणातली बंदरे यांच्यामधला माल चढत-उतरत होता. घाटातली कोरीव पाण्याची टाकी अशाच वाटसरूंच्या उपयोगाची.

या सर्वांचे सामान पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ते थोडे असते, पण भुईची ओल, वरचे पाणी आणि रात्रीची थंडी या तिन्ही गोष्टींचा बंदोबस्त त्यात असतो. आपल्या भागात चौथी गोष्ट जनावराची. या चारही गोष्टींना पुरून उरेल तेवढे सामान पुरेसे. बाकी सगळी हौस.

आधी जागा, मग तंबू

सामानाआधी जागेचे सांगतो, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि तिथेच मी स्वतः फसलो आहे.

सन २००३ च्या ऑक्टोबरात गावातल्या तरुण मुलांना घेऊन माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही मुक्काम केला. हळवे भात कापून मोकळे झालेले एक खाचर दिसले. सपाट, मऊ, दगड नाही की काटा नाही. मी म्हटले, याहून चांगली जागा कोणती? तिथेच तंबू ठोकले. रात्री अकराच्या सुमारास विजा चमकू लागल्या आणि परतीच्या पावसाची जोरदार सर आली. तासाभरात तंबूच्या आत घोट्याएवढे पाणी. अंथरुणे, कपडे, पिठाची पिशवी, सारे भिजले. पोरे कुडकुडत जवळच्या पाड्यावरच्या एका घराच्या ओटीवर जाऊन बसली. घरातले म्हातारबाबा उठून आले, आम्हाला पाहिले आणि म्हणाले, "सायेब, खाचरात भातानं उभं राहावं, माणसानं निजू नये."

मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस. पाणी धरून ठेवण्यासाठीच खाचर बांधतात, वर्षानुवर्षांच्या चिखलणीने त्याच्या पोटात घट्ट थर बसतो आणि पाणी खाली उतरत नाही, हे मीच लोकांना शिकवीत होतो. एका गुंठ्यावर एक इंच पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी होते. बांध चारी बाजूंनी धरलेला असला तर ते जाणार कुठे?

म्हणून तंबू नेहमी वरकस जमिनीवर, किंचित उताराच्या मुरमाड जागी लावावा. ओढ्याच्या पात्रात किंवा काठाला चिकटून कधीही लावू नये. पाऊस वर डोंगरात पडतो, आपल्या डोक्यावर चांदणे असते आणि लोंढा अचानक येतो. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली, दगडांच्या गडग्यालगत आणि वारुळाजवळ मुक्काम नको. वरच्या कड्याला आग्यामोहोळ दिसले तर त्याच्यापासून पुष्कळ लांब जावे. धुराने माश्या उठतात. विजा चमकू लागल्या तर तंबूच्या भरवशावर बसू नये. तंबूने पाऊस अडतो, वीज अडत नाही. उघड्या पठारावरून उठून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे.

तंबू कसा पारखावा

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तंबूही तसाच पारखून घ्यावा. त्यात पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, तंबू दुहेरी असावा. आत हवा खेळणारे कापड आणि जाळी, त्यावर पावसाचे वेगळे आच्छादन. माणसाच्या श्वासातून रात्रभर वाफ निघते. एकेरी तंबूत ती थंड कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे अंगावर टपकते. मग तंबू गळतो असे वाटते, पण ते पाणी आपल्याच श्वासाचे असते.

दुसरी गोष्ट, वरचे आच्छादन चारी बाजूंनी जमिनीपासून चार बोटांवर येईल इतके लांब हवे. स्वस्तातल्या तंबूंना नुसती माथ्यावर टोपी असते. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. टोपी कोरडी राहते आणि माणूस भिजतो.

तिसरी गोष्ट कापडाची. तंबूच्या चिठ्ठीवर १,५००, २,००० किंवा ३,००० मिलिमीटर असा आकडा असतो. तो पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला असता ते पाझरू लागते, त्याचा तो आकडा. आच्छादनाला १,५०० ही खालची मर्यादा समजावी. २,००० च्या पुढे असेल तर चांगले. तळाला ३,००० किंवा अधिक पाहावा, कारण ओल्या जमिनीवर आपला गुडघा किंवा कोपर दाबला की पाणी जोराने वर येते. आकडा कितीही असो, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहावे. कापड उन्हासमोर धरले की टाक्यांची भोके दिसतात. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. तळ चारी बाजूंना वीतभर उंच घेऊन भिंतीला अखंड शिवलेला असावा आणि दाराची जाळी चेनने शेवटच्या दातापर्यंत बंद होणारी असावी. मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मण्यार रात्री हिंडते आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावते. चावा पुष्कळदा कळतही नाही. पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास अडतो. अखंड तळ आणि बंद चेन असलेल्या तंबूत ती शिरू शकत नाही. पण "जरा वारा येऊ दे" म्हणून चेन वीतभर उघडी ठेवली तर तंबू असून नसल्यासारखा. चपला व बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून पायात घालावेत.

पाचवी गोष्ट मापाची. चार माणसांचा तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता मावतील असा तंबू. माणशी दोन फूट रुंदी धरलेली असते. दोघांना तिघांचा, तिघांना चौघांचा घ्यावा, म्हणजे पिशव्याही आत राहतात. फार मोठाही नको. त्याचे ओझे होते आणि त्यात वाराही फार भरतो.

दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या तंबूत या पाच गोष्टी एकत्र क्वचितच सापडतात. कोरड्या हिवाळ्यात अंगणात झोपायला तो चालेल. पावसाळ्यात किंवा डोंगरावर नको. वर्षातून एकदाच जायचे असेल तर चांगला तंबू भाड्याने घ्यावा किंवा चार घरांनी मिळून एक घ्यावा.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या खुंट्या आपल्या मुरमात वाकतात. गावच्या लोहाराकडून नऊ इंची सळईच्या मेखा करून घ्याव्यात, एक टोक वळवलेले. ठोकताना मेखेचे डोके तंबूपासून बाहेर कललेले असावे. बैल बांधायची मेख आपण अशीच ठोकतो, ओढ बसली की ती अधिक धरते. दोऱ्या मात्र सगळ्या बांधाव्यात. वारा नाही म्हणून त्या गुंडाळून ठेवणारा माणूस मध्यरात्री तंबूच्या मागे धावतो.

खाली काय, वर काय

नवखा माणूस पांघरुणावर पैसे घालवतो आणि थंडी खालून लागते. अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा राहत नाही आणि भुई अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून खाली फोमची गुंडाळायची चटई आधी घ्यावी. ती हलकी असते, फुटत नाही, भिजली तरी पुसता येते. फुगवायची गादी करवंदीच्या एका काट्याने बसते. यादीतून ती प्रथम खोडावी.

आपल्याच शेतावर मुक्काम असेल तर उन्हात वाळवलेला स्वच्छ पेंढा तंबूच्या तळाखाली चार बोटे पसरावा. फोमपेक्षा तो कमी नाही. पण तंबू पेंढ्याच्या उडवीजवळ नको. उडवीत उंदीर असतात आणि उंदरांमागे जनावर येते. पेंढ्याजवळ विस्तवही नको.

तळाखाली ताडपत्री घालावी, म्हणजे तळ फाटत नाही. मात्र ती तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये. बाहेर राहिलेली कड पावसाचे पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते. कडा आत दुमडाव्यात.

पांघरुणासाठी आपल्याकडे घोंगडी आहे. म्हशाच्या जत्रेतून आणलेली चांगली लोकरी घोंगडी किंचित ओली झाली तरी ऊब देते आणि विस्तवाची ठिणगी पडली तर भसकन पेटत नाही. थंडीच्या दिवसांत आपल्या भागात पहाटे पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, डोंगरमाथ्यावर त्याहूनही खाली. त्याला घोंगडी आणि आत एक सुती चादर पुरते. तिला दोष एकच, तो वजनाचा. गाडीरस्त्यापर्यंत जायचे असेल तर घोंगडी न्यावी. पाठीवर सामान घेऊन घाट चढायचा असेल तर झोपायची पिशवी हलकी पडते. तिच्यावर दोन आकडे असतात. एका आकड्याला माणूस सुखाने झोपतो आणि दुसऱ्याला जेमतेम निभावतो. खरेदी पहिला आकडा पाहून करावी.

पाठीवरचे एकूण ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे. पन्नास किलोच्या मुलीने दहा किलोच्या आत राहावे. तंबूचे कापड एकीने, काठ्या दुसरीने, भांडी तिसरीने अशी वाटणी करावी.

दिवा, पाणी आणि चूल

डोक्याला बांधायची बॅटरी चैन वाटते, पण ती जरूर घ्यावी. दोन्ही हात मोकळे राहतात आणि रात्री लघवीला उठले तरी पाऊल टाकण्याआधी जमीन दिसते. जोडीला जादा सेल ठेवावेत. मोबाईलची बॅटरी उजेडासाठी खर्च करू नये. अडचणीच्या वेळी फोन लागतो.

पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला तीन ते चार लिटर पाणी धरावे. टाक्याचे किंवा झऱ्याचे पाणी खळखळून उकळूनच प्यावे. एका रात्रीसाठी गॅसची शेगडी नको. घरची भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे यांत दोन वेळा निघतात.

तंबूच्या आत चूल, शेगडी, कोळशाची घमेली किंवा मेणबत्ती कधीही पेटवू नये. हे कापड क्षणात वितळून अंगाला चिकटते. त्याहून वाईट म्हणजे कोळशाचा विषारी वायू. त्याला रंग नाही आणि वासही नाही. थंडी वाजते म्हणून धगधगती घमेली आत घेऊन निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, असे देशात अनेकदा घडले आहे.

जंगलाचे नियमही आधी विचारून घ्यावेत. राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो आणि मुरबाडचा काही डोंगराळ भाग भीमाशंकर अभयारण्यात. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये. नाणेघाटातल्या जुन्या लेण्यात चूल मांडू नये. तिथला शिलालेख पुन्हा कुणी कोरून देणार नाही.

औषधाची पिशवी

जखमेचे औषध, पट्टी, तापाची गोळी, मीठ-साखर आणि नेहमीची औषधे एवढे पुरे. सर्पदंशावर पिशवीतले कोणतेही औषध चालत नाही. ब्लेडने कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांत वेळ जातो आणि अपाय होतो. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला आडवे ठेवावे, १०८ ला फोन लावावा आणि मिळेल त्या वाहनाने मुरबाड किंवा शहापूरच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींवर एकच लस चालते. विंचवाच्या दंशावरही महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. सन २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपाय आहेत, पण ते दवाखान्यात आहेत. म्हणून निघण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत येते, फोन कुठे लागतो आणि जवळचा दवाखाना कोणता, हे कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवावी. ही वस्तू कोणत्याच दुकानात मिळत नाही.

पाहुण्यांसाठी तंबू लावणाऱ्यांना

शेतावर पाहुणे ठेवण्याचा जोडधंदा करणाऱ्यांना माझे सांगणे असे की, एकदम दहा तंबूंसाठी कर्ज काढू नका. दोन चांगले तंबू घ्या, एक हिवाळा वापरून पाहा. स्वच्छ संडास आणि पिण्याचे पाणी यांवर आधी खर्च करा. पाहुणा त्यासाठी परत येतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण सन २०२० मध्ये आले आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या. तंबू महिनोन्‌महिने उन्हात उभे ठेवू नका, उन्हाने कापड कुजते. पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका आणि घडी आढ्याला टांगा, नाहीतर उंदीर पाहुणचार झोडतील.

पहिली रात्र घरीच

त्या दिवशी खळ्यावर बसून आम्ही यादी तपासली. चौदांपैकी घरात नसलेल्या आणि खरोखर लागणाऱ्या वस्तू तीनच निघाल्या: तंबू, फोमची चटई आणि डोक्याची बॅटरी. तंबू तिघींत एक असा ठरला. घोंगडीऐवजी झोपायची पिशवी मुलीच्या मामेभावाकडून उसनी आणायचे ठरले. खुर्ची, उशी, गादी, शेगडी, कंदील, होकायंत्र आणि चाकू यांवर ताईंनी स्वतःच्या हाताने रेघ मारली. बोकड वाचले.

एक अट मात्र मी घातली. पहिली रात्र घरामागच्या वरकसावर काढायची. तंबू दिवसा एकदा आणि अंधारात एकदा लावायचा. वरून दोन-चार बादल्या पाणी ओतून आत हात फिरवायचा. फवारणीचा पंप त्यासाठी वापरायचा नाही, त्यात औषधाचा अंश राहतो. जे चुकायचे ते घरापासून पन्नास पावलांवर चुकलेले बरे.

मुलगी नाणेघाटावर जाऊन सुखरूप परत आली. नंतर मी त्या बाजूला गेलो तेव्हा भाताची झोडणी चालू होती आणि खळ्याच्या कडेला, उडवीपासून चांगला लांब, तोच निळा तंबू उभा होता. दरवर्षी भाताच्या राखणीला गोणपाटावर उघडे निजणारे वडील आता त्यात निजत होते.

मी विचारले, "काय, चेन लावता ना?"

ते म्हणाले, "पोरगी लावून जाते साहेब. शेवटच्या दातापर्यंत."

यंदा तुमच्याही खळ्यावर कुणी राखणीला निजत असेल. यादीतली पहिली वस्तू कुणासाठी घ्यायची, ते त्याच्याकडे पाहून ठरवा.